तुमचे इन्फ्लुएन्सेस कोणते? कोकणातल्या नव्या बँडने ही यादी कशी बनवायची

हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदा भेटला एका कॉलेज फेस्टच्या फॉर्मवर. बँडचं नाव, मेंबर किती, माइक किती लागणार, आणि त्याखाली 'इन्फ्लुएन्सेस', म्हणजे तुमच्या म्युझिकवर कोणाकोणाचा प्रभाव आहे ते. कुडाळ स्टेशनबाहेर चहा पिता पिता फॉर्म भरला, पाच मिनिटांत पाच बँड लिहून टाकले, पाचही इंग्लंड-अमेरिकेतले, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या दोन बँडची आम्ही चौघांनी मिळून तीन गाणी ऐकली असतील. फेस्टला वाजवलं, खाली उतरलो, तर साउंडवाला दादा केबल गुंडाळता गुंडाळता विचारतो, "भजनात वाजवतास काय रे तुमी?" जाम राग आला तेव्हा. घरी येऊन मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि दादाचं बरोबर निघालं. आमचा ड्रमर सगळीकडे भजनी ठेकाच वाजवत होता, फक्त स्टिकने.

तर तुम्ही रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात कुठेतरी नवीन बँड काढला असेल, स्वतःची गाणी करायची असतील, आणि "तुम्ही कसलं म्युझिक करता?" म्हटल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे बघत असाल, तर हे तुमच्यासाठी. आम्हाला ही पद्धत सापडेपर्यंत दोन पावसाळे गेले, तुमचे जाऊ नयेत.

काय काय लागेल

- दोनशे पानी वही. मोबाइलच्या नोट्समध्ये करू नका, चौघांना एकत्र बघता येत नाही आणि खोडलेलं दिसत नाही. खोडलेलं दिसणं महत्त्वाचं आहे, लाजून काय गाळलं ते त्यातून कळतं.
- साधे वायरवाले इयरफोन. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, गाण्यासोबत वाजवायला गेलात की वेड लागतं.
- ट्यूनर आणि मेट्रोनोमचं (ठरावीक स्पीडला टिकटिक, म्हणजे क्लिक देणारं) ॲप, फुकटवालं चालतं.
- गिटारला कॅपो, म्हणजे मानेवर लावायचा चिमटा, त्याने सगळ्या तारांची पट्टी एकदम वर जाते.
- एक पेटी. स्वतःची नसली तर वाडीतल्या भजनी मंडळाची असतेच, पण मागून घ्या, न विचारता हात लावलात तर ऐकून घ्यावं लागेल.
- एक जाणतं माणूस. भजन गाणारे बुवा, पखवाजवाले काका, दशावतारातला पेटीवाला, कोणीही, ज्याचे कान तुमच्यापेक्षा म्हातारे आहेत असं.
- जागा.

जागेबद्दल थोडं. आम्ही देवगडकडे आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये वाजवतो. एप्रिल-मेमध्ये तिथे पेट्या भरायचं काम असतं, जूनपासून शेड रिकामी, भाडं जवळपास नाहीच. फक्त जूनपासून पत्र्यावर पाऊसही सुरू होतो आणि मग तुमचा अँप काय आणि ताशा काय, काही ऐकू येत नाही. म्हणून आम्ही पावसाळ्यात ऐकण्याचं काम घरी करतो आणि वाजवण्याचं गणपतीनंतर. हे वेळापत्रक आपोआप जमून गेलं, पण आता वाटतं की असंच हवं होतं.

१. खरी यादी आधी, भारी यादी नंतर

प्रत्येकाने वेगवेगळं बसून वीस गाणी लिहायची. एकमेकांना दाखवायची नाहीत. नियम एकच, जे गाणं तुम्हाला अख्खं पाठ आहे, चालीसकट, मधल्या म्युझिकसकट, तेच लिहायचं. आवडतं म्हणून नाही, पाठ आहे म्हणून.

इथेच सगळ्यांची पंचाईत होते. आमच्या गिटारिस्टने पहिल्या वेळी वीसपैकी अठरा इंग्लिश गाणी लिहिली, मग बेसिस्टने त्याला म्हटलं यातलं अमुक गाणं गुणगुणून दाखव, तर दुसऱ्या कडव्याला गाडी बंद. पण गणपतीच्या आरत्या त्याला सगळ्या येतात, ओळीने, टाळाच्या गॅपसकट. मग पान फाडलं आणि परत लिहिलं.

आठवत नसेल तर ह्या जागा चाचपून बघा:

शाळेत जाताना सहा सीटरमध्ये ड्रायव्हर काय लावायचा. सकाळी घरात रेडिओ लागायचा का, आकाशवाणी रत्नागिरी की पणजी (सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची पोरं पणजी ऐकून मोठी झालीत, त्यांच्या कानात कोंकणी गाणी असतात आणि त्यांना ते माहीतही नसतं). मुंबईवरून येणाऱ्या काकाने कुठल्या कॅसेट आणल्या होत्या. लग्नात बँजो पार्टी काय वाजवते. शिमग्याला पालखी नाचवताना ढोल कसा वाजतो, तोंडाने वाजवून दाखवता येतो का. येत असेल तर तेही एक गाणंच, लिहा.

सापळा: 'हे लिहिलं तर लोक हसतील' म्हणून गाळलेली गाणी. नेमकी तीच तुमच्या हातातून बाहेर पडतात. आमच्या ड्रमरने भजन गाळलं होतं, आणि साउंडवाल्याने तेच पकडलं.

२. ऐंशीतून बारा

चौघांची मिळून ऐंशी गाणी झाली. आता एका रविवारी एकत्र बसायचं, प्रत्येक गाणं पहिली दोन मिनिटं ऐकायचं, आणि बारा ठेवायची. बाराच का तर आम्हाला एका पानावर बारा बसली, दुसरं काही कारण नाही.

कापताना भांडणं होणार. आम्ही प्रत्येकाला एक 'ठेवाच' आणि एक 'काढाच' दिलं होतं, ज्यावर बाकीच्यांनी काही बोलायचं नाही. आमच्या गायिकेने आपलं 'ठेवाच' एका मांडोवर खर्च केलं, तिची आजी गोव्याची. आम्हाला तेव्हा मांडो म्हणजे लग्नातलं संथ रडकं गाणं एवढंच माहीत. आज आमच्या दोन गाण्यांत जो दुसरा आवाज पहिल्याच्या खालून चालतो तो त्या मांडोतून आलाय.

ह्यावरून एक आठवलं, दोन आवाजांची हार्मनी म्हणजे परदेशी प्रकरण असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवादक आणि अरेंजर (कुठलं वाद्य कधी काय वाजवणार ते ठरवणारे) होते, हिंदी सिनेमात काम केलं, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन हे त्यांचे विद्यार्थी. त्यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी ही हार्मनी मुंबईच्या स्टुडिओत नेली आणि तिथून ती रेडिओवरून आपल्या ओटीवर आली. म्हणजे ती आपल्या शेजारच्या गावातूनच आलीय. फॉर्मवर लिहायला लाजू नका.

३. गाणं सुटं करायचं

खरं काम इथे आहे, ह्या पायरीला घाई करू नका. आम्ही आठवड्याला एक गाणं घेतलं.

वहीत प्रत्येक गाण्याला एक पान. त्यावर एवढंच लिहायचं: स्पीड, पट्टी, ताल, कोण कधी आत येतो, कोण कधी गप्प बसतो, आणि शेवटी एक ओळ, 'ह्यातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर कुठली'.

स्पीड: पंधरा सेकंदात किती ठोके पडतात ते मोजा, चारने गुणा. ॲपवर बोटाने टॅप करूनही येतं. भजनाचा स्पीड एकदा मोजून भागत नाही, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तीनदा मोजा, कारण तो चढत जातो. क्लिक लावून वाजवणाऱ्या बँडला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा धक्का बसतो.

पट्टी: बुवा काळी-पांढरीत, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांत, बोलणार आणि यूट्यूबवाले सी-डीमध्ये, त्यामुळे हे पाठ करून टाका. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. बुवांनी काळी चार म्हटलं की कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि जी पट्टीतल्या कॉर्डचे शेप धरा. काळी एक असेल तर कॅपो तिथेच, शेप सीचे. काळी पाचला कॅपो पहिल्यावर आणि शेप एचे, किंवा तिसऱ्यावर लावून जीचे, दुसरं मला सोपं जातं.

आणि एक, जुनी पेटी ट्यूनरवर बरोबर येईलच असं नाही, थोडी वर नाहीतर खाली असतेच. पेटीला गिटार लावायची, गिटारला पेटी लागत नाही. आम्ही अर्धा तास बुवांसमोर ट्यूनर ॲप दाखवत बसलो होतो की तुमची पेटी चुकीची आहे, ते शांतपणे ऐकून घेत होते, शेवटी म्हणाले, "मग काय ती फोडून टाकू?"

ताल: भजनी ठेका आठ मात्रांचा, केरवाही आठ, म्हणजे ड्रमरच्या भाषेत चार-चारमध्ये सरळ बसतात. दादरा सहा मात्रांचा, तो सहा-आठसारखा झुलतो. रूपक सात मात्रांचा आणि त्याच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, 'खाली' असते, म्हणजे तिथे जोराचा ठोका नसतो, त्यामुळे इंग्लिश गाण्याच्या सवयीने पहिल्या ठोक्याला किक मारलात की सगळं उलटं वाटतं. तिथे किक न मारता बघा.

आता 'कोण कधी आत येतो' ह्याची दोन उदाहरणं आमच्याच वहीतून देतो.

दशावतारात राक्षसाची एन्ट्री असते ना, पखवाज आणि झांज चढत जातात, चढत जातात, तो बाकड्यापाशी येतो, पाय आपटतो आणि सगळं खाड्कन बंद. त्या शांततेत फक्त त्याचा श्वास ऐकू येतो आणि पुढची पोरं आईच्या पदरात. आम्ही पानावर लिहिलं, 'घ्यायची गोष्ट: बंद पडणं'. चढणं सगळेच करतात हो, आमच्या लक्षात राहिलं होतं ते बंद पडणं.

दुसरं निर्वाना ह्या अमेरिकन रॉक बँडचं. १९९१ मधलं त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं, कडवं हळू आणि धृपद फाडून टाकणारं. त्यांचा गायक कर्ट कोबेनने स्वतः नंतर सांगितलं होतं की तो त्यात पिक्सीज ह्या बँडची नक्कल करायला बघत होता, ते हळू-जोरात-हळू पिक्सीजचं. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. मग आम्ही ते पान आणि भजनातल्या गजराचं पान शेजारी ठेवलं, अभंग संथ चाललाय, मग गजर सुटतो आणि कोरसवाले सगळे एकदम आत येतात. एकच काम दोन्हीकडे, फक्त भजनात जोर माणसांचा असतो आणि तिकडे डिस्टॉर्शनचा, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाडलेल्या आवाजाचा. आम्ही डिस्टॉर्शन काढलं आणि चौघं एकदम गायलो. आमचं पहिलं बरं गाणं तिथून निघालं.

सापळा: एका गाण्यातून चार गोष्टी घेतल्या की ते गाणं घेतल्यासारखंच होतं. एकच घ्या. बाकीच्या तीन वहीत राहू देत.

४. उठून जा आणि ऐका

यूट्यूबवर दशावतार बघून भागत नाही. तिथे माइक असतो तो पेटीसमोर, आणि झांज अख्खी कर्कश ऐकू येते, प्रत्यक्षात ती तशी नसते.

कधी काय ते बघा. गणपतीत भजनं आणि डबलबाऱ्या (दोन बुवांचे भजनाचे सामने), रत्नागिरीकडे जाखडी नाच, शक्ती-तुऱ्याचे सामने (दोन पक्षांचे गाण्यातले सवाल-जवाब). कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळं रोज एका गावात असतात, रात्रभर. फाल्गुनात शिमगा, पालख्या, रत्नागिरीकडे नमन-खेळे ही लोकनाट्यं आणि त्यातला संकासुर. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर ते मार्च तुमचं कॉलेजच आहे, फी नाही.

दशावतार ऐकताना बँडवाल्यांनी एक मुद्दाम बघावं. संवाद लिहिलेले नसतात, नट आख्यान ठरवतात आणि बोलणं तिथल्या तिथे सुचत जातं, आणि पेटीवाला-पखवाजवाला त्यांच्या तोंडाकडे बघून वाजवतो. कुठलं वाक्य संपतंय, कुठे पद सुरू होणार, हे त्याला खुणेनेही सांगावं लागत नाही. आम्ही चार बारची गॅप चुकलो की एकमेकांवर डोळे वटारतो. तिथे जाऊन ड्रमरला पखवाजवाल्याच्या बाजूला बसवा, नाटक त्याने बघायचं नाही, फक्त पखवाजवाला कुठे बघतो ते बघायचं.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी मंडळाच्या माणसाला विचारा. स्वतःला ऐकायला करतोय, कुठे टाकणार नाही, असं सांगा आणि टाकू नका. स्टेजवर ठेवलेल्या वाद्याला पाय लागू देऊ नका, पखवाजावर टिचक्या मारून बघू नका. हे सांगायला लागू नये, पण आमच्यातल्या एकाने केलंय.

घुमटाचा मोह सगळ्यांना होतो. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, आवाज असा की पोटात वाजतो. गोव्याने २०१९ मध्ये त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं. पण पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं आणि घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे कोणी 'जुना ओरिजनल' म्हणून विकायला आणला तर हात जोडा. आता बकरीच्या कातड्याचे मिळतात, तेच घ्या.

सापळा, आणि हा सगळ्यात मोठा: कोकणी टच. गाणं तयार आहे, साधं लव्ह साँग, आणि मग कोणीतरी म्हणतं ह्यात शेवटी ढोल-ताशा टाकूया, कोकणी टच येईल. नका टाकू. पिठल्यावर काजूगर पेरल्यासारखं दिसतं ते. मुंबईच्या ऑडियन्सला कोकण म्हटलं की कोळीगीत आणि होडी, आणि तुम्ही त्यांना आवडेल म्हणून ते द्यायला लागलात की संपलं, पुढच्या शोला तेच मागतात. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या इंडियन ओशनला कान देऊन ऐका. तिथे तबला सजावटीला आलेला नाही, गाणं तबल्यावर उभं आहे, आणि गिटार त्याला वाट करून देते.

५. तीन कव्हर, तुमच्या पद्धतीने

बारातली तीन निवडा आणि वाजवा. एक जसंच्या तसं, स्वर न् स्वर, हा रियाज. दुसरं ताल बदलून. तिसरं मुख्य वाद्य काढून, म्हणजे गिटारचं गाणं असेल तर गिटार न घेता.

कव्हर करणं कमीपणाचं वाटत असेल तर बीटल्सचा १९६३ चा पहिला अल्बम बघा. चौदा गाणी, त्यातली सहा दुसऱ्यांची. आणि चौदातली दहा त्यांनी एका दिवसात रेकॉर्ड केली, कारण रोज रात्री क्लबमध्ये तीच वाजवून हात बसलेला होता.

आमचं ताल बदललेलं कव्हर म्हणजे एक इंग्लिश गाणं दादऱ्यात. बुवांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "झिलांनो, गाणा खयचाव असूंदे, ठेको आपलो हा." ड्रमर त्या दिवशी जमिनीवर नव्हता.

रेकॉर्डिंगला भारी सामान नाही म्हणून थांबू नका. गोव्यातल्या शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये अख्खा अल्बम घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केला, सगळी वाद्यं स्वतः वाजवून. तुमच्या मोबाइलमध्ये त्याहून जास्त ट्रॅक आहेत. फक्त इंटरफेस (गिटार-माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) लावताना घरातलं अर्थिंग तपासून घ्या, आपल्याकडे बऱ्याच घरांत ते नावालाच असतं आणि रेकॉर्डिंगमध्ये बारीक घूंऽऽ ऐकू येत राहतं. आम्ही आठवडाभर केबल बदलत बसलो होतो. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला, घूं गेलं.

खारी हवा हा वेगळाच विषय. समुद्राजवळ राहत असाल तर गिटारच्या तारा महिनाभरात गंजतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, नवीन बुटांच्या खोक्यात येतात त्या फेकू नका.

६. स्वतःचं गाणं, आणि चोरी झाली नाही ना ते बघणं

आता लिहा. कसं लिहायचं ते मी सांगणार नाही, मलाच नीट येत नाही. पण लिहून झाल्यावर काय करायचं ते सांगतो.

चाल फक्त 'ला ला' करून रेकॉर्ड करा, शब्द नाहीत, गिटार नाही. ती पाच वेगवेगळ्या वयाच्या माणसांना पाठवा. आईला नक्की पाठवा. विचारा, कुठलं गाणं आठवतं? दोघांनी एकाच गाण्याचं नाव घेतलं तर ती चाल बदला, वाद घालू नका. आमची एक चाल आम्हाला स्वर्गातून आल्यासारखी वाटत होती, ड्रमरच्या आईने तीन सेकंदात सांगितलं की हे तर अमुक जाहिरातीचं. होतंच.

हे मुद्दाम होत नाही. जॉर्ज हॅरिसनचं १९७० मधलं 'माय स्वीट लॉर्ड' हे १९६३ च्या 'हीज सो फाइन'वरून घेतलंय म्हणून खटला झाला आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने म्हटलं की त्याने जाणूनबुजून चोरलं नसेल, नकळत उतरलं, पण उतरलं ते उतरलंच. बीटल्सवाल्याचं हे होतं तर आपलं काय.

कायद्याचं थोडक्यात. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. गीत आणि संगीतावर रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, रेकॉर्डिंगवर ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे गवळण संतांची असेल तर शब्द मोकळे आहेत, पण अमुक बुवांनी लावलेली चाल त्यांची आहे आणि अमुक कंपनीने काढलेलं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं. 'लोकगीत आहे, कोणाचंच नाही' असं म्हणून डबलबारीतली चाल उचलू नका. ज्यांची आहे ते बहुधा पुढच्या वाडीतच राहतात. विचारायला जा, बहुतेक वेळा चहा मिळतो आणि चालीची मूळ गोष्टपण कळते.

कव्हर रेकॉर्ड करून विकायचं असेल तर मालकाची परवानगी घ्या. परवानगीशिवाय करायची एक वाट कायद्यात आहे, पण त्याला मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटलेली लागतात, आधी नोटीस आणि आधी रॉयल्टी. नवीन बँडने त्या फंदात पडू नये असं माझं मत.

७. फॉर्मवर काय लिहायचं

आता तुमच्याकडे बारा पानं आहेत आणि प्रत्येकावर 'घ्यायची गोष्ट' आहे. इन्फ्लुएन्सेस म्हणून नावं लिहू नका, त्या गोष्टी लिहा. 'निर्वाना, इंडियन ओशन, भजन' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आम्ही आता लिहितो: "गजरासारखा चढणारा स्पीड, दशावतारासारखं अचानक थांबणं, मांडोसारखे दोन आवाज, गिटार कमी." आयोजकाला ह्यातून माइक किती लागतील तेही कळतं.

आवडती गाणी वेगळी विचारली तर ती वेगळी द्या, आणि तिथे प्रत्येकाचं एक द्या. चौघांचं सामायिक आवडतं गाणं नसतं, आहे म्हणणारे बँड खोटं बोलतात.

नाव अजून ठरलं नसेल तर वहीतच शोधा. रोलिंग स्टोन्सने नाव घेतलं मडी वॉटर्सच्या गाण्यावरून, रेडिओहेडने टॉकिंग हेड्सच्या गाण्यावरून. आमच्या नावाची गोष्ट मी सांगणार नाही, त्यात एक दशावतारातला मुखवटा आणि एक उधारी आहे.

८. कागदपत्रं

- गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची, कोणाचा किती टक्के, हे एका कागदावर, चौघांच्या सह्या, तारीख. गाणं रिलीज व्हायच्या आधी. दोस्ती आहे तोवरच करायचं हे काम.
- पॅन कार्ड आणि बँक पासबुक किंवा कॅन्सल चेक. डिस्ट्रिब्यूटरला (तुमची गाणी म्युझिक ॲप्सवर टाकणारी कंपनी) आणि आयपीआरएसच्या मेंबरशिपला दोन्हीकडे लागतात. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था.
- प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, बारा अक्षर-अंकांचा. बहुतेक डिस्ट्रिब्यूटर देतात, वहीत लिहून ठेवा.
- कोणाची चाल किंवा आवाज वापरला असेल तर त्यांची लेखी परवानगी, मराठीत, साध्या कागदावर, त्यांना वाचून दाखवून.
- उघड्यावर वाजवणार असाल तर लाउडस्पीकरची परवानगी. रात्री दहा ते सकाळी सहा बंदच, काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं तेवढी सोडून. दशावतार रात्रभर चालतो मग आम्ही का नाही, हा वाद आम्ही पोलीस ठाण्यात घालून बघितलाय, उपयोग होत नाही.

वही कुठे ठेवता ते बघा. आमची पहिली वही शेडमध्ये फळीवर ठेवली होती, ऑगस्टमध्ये उघडली तर मधली चाळीस पानं वाळवीने खाल्लेली, त्यात मांडोचं आणि शिमग्याच्या ढोलाचं अशी दोन्ही पानं गेली. ढोलाचं ड्रमरने तोंडाने वाजवून परत लिहून घेतलं, मांडोसाठी गायिकेला आजीला फोन करायला लागला आणि आजीने ह्या वेळी वेगळाच मांडो गाऊन दाखवला. आता वहीत तोच आहे. पान भरलं की लगेच मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाका.